हवेच्या खोल्या

भिवापूरच्या सातऱ्यावर आम्ही चाळीस बाया,
समोर मिरचीचा ढीग, बोटांत देठ.
पंखा फिरला की सगळ्या एकदम शिंकतात,
नाकाला पदर, डोळ्यांना पाणी, आणि शिव्या:
मुकादमाला, मिरचीला, नवऱ्याला,
सुचतील तशा.
मी तेवढी कोरडी.
पहिल्या दिवशी पुष्पकला म्हणाली,
"काऊन वो कौतिका, तुले लागत नाई का?"
आता मला पंख्यासमोर बसवतात,
जिथं भुकटी उडते, जिथं कोणी बसत नाही.
किलोमागे पैसे तेवढेच.

नाकामागे गाठ होती. नागपूरला पस्तीस शेक.
गरम पाण्यातून जाळी काढली,
ओल्या पोळीसारखी चेहऱ्यावर टाकली,
थंड होईतो दाबून धरली.
माझंच नाक, माझीच हनुवटी.
मग रोज ती टेबलाला खिळायचे, माझ्यासकट.
शेवटच्या दिवशी तिथल्या पोरानं विचारलं, मुखवटा नेता का?
म्हटलं, द्या. पैसे भरलेत.

गाठ गेली.
वर्षभरानं डोकं जड, गालाखाली ठणका,
सकाळी नाकातून हिरव्या खपल्या, रक्ताची कड असलेल्या,
आणि एक वास,
जो मला येत नव्हता.
जावई आला की ताट उचलून अंगणात जेवायचा.
"आत उकडते," म्हणे.
डिसेंबरात.
तेव्हा कळलं.

डॉक्टरीणबाईनं फोटो उजेडावर धरला.
गालाच्या हाडात, कपाळात, डोळ्यांच्या मधे
हवेच्या खोल्या असतात, म्हणाली, रिकाम्याच असाव्या लागतात.
बावन्न वर्षं मी या घराची मालकीण,
आणि खोल्या आहेत हे त्या भरल्यावर समजलं.
आत बारीक लव असते,
वाऱ्यानं धान झुकावं तशी हलते, मळ बाहेर ढकलते.
शेकानं ती जळाली.
मी एकच विचारलं.
ती फोटोकडे बघत राहिली.
तेवढ्या वेळात मी माझी बोरमाळ
कोणाला द्यायची ते ठरवून टाकलं.
"नाही," ती म्हणाली. "हे ते नाही."
पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.
बसमध्ये उमरेडपर्यंत मी पुटपुटत होते, हे ते नाही, हे ते नाही,
कंडक्टरला वाटलं तिकिटाचं काही आहे.

तेव्हापासून दोन वेळ
उकळून निवलेलं पाणी, मीठ, चिमूटभर सोडा,
सुई नसलेली मोठी पिचकारी.
मोरीवर वाकायचं, तोंड उघडं,
एका नाकपुडीतून आत, दुसरीतून बाहेर.
शेजारची कोंबडी रोज येऊन बघते.
कधी पळसाच्या सालीएवढी खपली निघते
आणि कपाळात कुठंतरी
कडी काढल्यासारखं होतं. घटकाभर.

तान्ह्या पोळ्याला नातवानं, प्रणयनं,
माझा मुखवटा खिळ्यावरून काढला, दोरीनं तोंडाला बांधला
आणि लाकडी नंदी ओढत निघाला, चाक कुरकुरत.
दोन सैनिक होते, एक पोस्टमन, एक भाजीवाली.
सरपंचीणबाईनं विचारलं, "तू कोन होय रे?"
जाळीतून म्हणाला, "मी आजी होय."
आधी कोणी हसलं नाही.
मग मीच हसले, नाक वाहीपर्यंत.
त्याला कंपासपेटी मिळाली, दुसरा नंबर.
पहिला भाजीवालीला. तिच्या टोपलीत खऱ्या मिरच्या होत्या.

काल सातऱ्यावर नाकाच्या मुळाशी
काहीतरी हललं.
मी देठ धरून थांबले, मान वर, तोंड अर्धं उघडं.
पुष्पकलानं पाहिलं, तिनं दुसरीला कोपर मारलं.
आली असती तर माझी ही जागा गेली असती.
चाळीस बाया थांबल्या.
पंखा तेवढा फिरत राहिला.